डॅशबोर्डाची चकाकी आणि ड्रायव्हरची नजर

आपल्या समाजाचा गाडीशी पूर्वी संबंध यायचा तो बहुधा दुसऱ्याची गाडी चालविण्यापुरता. साहेबांची जीप, खात्याची अॅम्बेसिडर, मालकाचा ट्रक. आता चित्र थोडेफार बदलले आहे. बँकेचे कर्ज काढून, प्रसंगी घरातला दागिना मोडून, पिवळ्या नंबरप्लेटची स्वतःची गाडी दारात उभी करणारे तरुण वस्तीवस्तीत दिसतात. ही गाडी म्हणजे हौस नव्हे, घराची चूल आहे. तिच्या इंजिनविषयी, टायरविषयी, मायलेजविषयी आपली मंडळी तासन् तास बोलतात. पण गाडीच्या आतल्या भागाला काय लावावे हा प्रश्न निघाला की अॅक्सेसरीजचा दुकानदार हातात देईल ती बाटली घेऊन मोकळे होतात. ही बाटली दोनशे-तीनशे रुपयांची असते. प्रश्न तेवढ्याच पैशांचा असता तर आम्ही लिहायला बसलो नसतो.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ, आमच्या घरच्या दोघी आणि वडील. उत्तर नागपुरात एकत्र राहतो आणि दोघांत मिळून एकच टुरिस्ट गाडी चालवतो. दिवसा धाकटा, रात्री थोरला. म्हणजे गाडीला विश्रांती अशी नाहीच. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. रेल्वे स्टेशनच्या बाहेर भाड्याची वाट पाहत गाडी दोन तास उन्हात उभी राहिली की आत काय होते, हे मात्र ज्याने त्या गाडीचे स्टिअरिंग हातात धरले आहे त्यालाच माहीत.

अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, तिथेही असेच रखरखीत ऊन असते, विद्यापीठाच्या संशोधकांनी उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतले तापमान मोजले. २०१८ साली ते प्रसिद्ध झाले. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असलेल्या दिवशी उन्हात एक तास उभ्या असलेल्या गाडीत आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, सीट ५१ वर, स्टिअरिंग ५३ वर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर! सावलीत उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड एका तासानंतर ४८ अंशांवरच होता. एकवीस अंशांचा हा फरक लक्षात ठेवावा. तो कुठल्याही बाटलीने पडलेला नाही, नुसत्या सावलीने पडलेला आहे.

आता हे ऊन प्लास्टिकचे करते काय? रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक. ते मऊ राहावे म्हणून कारखान्यातच त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने हा पदार्थ हळूहळू बाहेर पडतो. मग रेक्झिन आखडते, कडक होते आणि शेवटी शिवणीपाशी तडकते. समोरच्या काचेला आतल्या बाजूने जो धुरकट, तेलकट थर चढतो तो बराचसा अशा बाहेर पडलेल्या पदार्थांचाच असतो. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्या थरावर पसरतात आणि काच पुसावी तशी अधिकच फरफटते, हा अनुभव प्रत्येक ड्रायव्हरला असेल.

परंतु आपल्या बजेटच्या गाड्यांचे डॅशबोर्ड बहुतेक पॉलिप्रॉपिलिन या कडक प्लास्टिकचे असतात. त्यात हे तेल मिसळलेलेच नसते. तरीही बाटलीवर लिहिलेले असते, 'डॅशबोर्डला पोषण देते'. पोषण झाडाला लागते, लेकराला लागते. कडक प्लास्टिकला कसले पोषण? आणि रेक्झिनमधून निघून गेलेले तेल वरून पुसलेल्या पॉलिशने परत आत जात नाही. फिकट पडलेला भाग पॉलिशने काळाभोर दिसतो याचे कारण एवढेच की पृष्ठभागावरच्या बारीक चिरा त्या द्रवाने भरतात. भिजलेली फरशी गडद दिसते, तसेच हे. फरशी वाळली की पुन्हा पहिल्यासारखी.

मग काहीच लावू नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. चांगले पॉलिश धूळ चिकटू देत नाही, हाताचा घाम आणि मळ प्लास्टिकच्या बारीक नक्षीत मुरू देत नाही आणि काही प्रमाणात अतिनील किरण अडवते. पण बाजारात जे अनेक प्रकार मिळतात ते सारखे नाहीत, आणि त्यांतला जो प्रकार सर्वांत जास्त चमकतो तोच सर्वांत जास्त खपतो. घोटाळा इथे आहे.

आमच्या गाडीचे उदाहरण सांगतो. एका वॉशिंग सेंटरवर गाडी धुवायला दिली होती. तिथल्या मुलाने खूश करण्यासाठी म्हणा की तिथली रीतच म्हणा, न विचारता आत सगळीकडे सिलिकॉनचा स्प्रे मारून दिला. डॅशबोर्ड आरशासारखा. सीटही चकचकीत. स्टिअरिंग आणि गिअरची मूठसुद्धा सोडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा एका कुटुंबाला घेऊन भंडारा रोडने निघाला. नऊ-साडेनऊची वेळ, ऊन समोरून. डॅशबोर्डाची ती सगळी चमक समोरच्या काचेत उतरली आणि काचेवर पांढरट पडदा धरल्यासारखे झाले. त्या पडद्याआड सायकलवर डबा लावून कामावर निघालेला एक माणूस होता. मातकट शर्ट, मातकट रस्ता. तो दिसला तेव्हा अंतर फार थोडे उरले होते. ब्रेक लागला, गाडी वळवताना स्टिअरिंग हातातून सुळकन फिरले, तरीही गाडी सावरली. सायकलवाल्याला ओरखडाही आला नाही. त्याने दोन शिव्या दिल्या, त्या रास्त होत्या. मागच्या सीटवरचे लहान मूल मात्र गुळगुळीत रेक्झिनवरून घसरून खाली पायाशी आले.

त्याच आठवड्यात पौर्णिमा होती. पांढरे लुगडे नेसून विहारात निघालेल्या शेजारच्या आजींना आम्ही त्याच गाडीतून सोडले. उतरल्यावर त्यांच्या लुगड्यावर मागे तेलाचा डाग! आजी काही बोलल्या नाहीत. सून मात्र बोलली.

डॅशबोर्ड काचेत का दिसतो, हे समजून घेण्यासारखे आहे. समोरची काच तिरकी असते आणि तिच्या पायथ्याशी डॅशबोर्ड आडवा पसरलेला असतो. वरून पडलेले ऊन डॅशबोर्डवरून उसळून काचेवर जाते आणि काचेवरून ड्रायव्हरच्या डोळ्यांत येते. म्हणूनच कारखानदार डॅशबोर्डचा वरचा भाग बहुधा काळा किंवा गडद आणि खरखरीत ठेवतात. तो गरिबाच्या गाडीचा म्हणून खरखरीत नसतो. मुद्दाम तसा केलेला असतो. त्यावर चमकदार थर चढवला की इंजिनिअरने विचारपूर्वक घालवलेली चमक आपण पैसे देऊन परत आणतो. वय वाढते तसे डोळ्यांतले भिंग उजेड जास्त विखुरते. त्यामुळे हा पडदा पंचवीस वर्षांच्या पोराला जेवढा जाणवतो त्याहून पन्नाशीच्या ड्रायव्हरला अधिक त्रास देतो. आपल्याकडे गाडी चालवणारे पन्नाशीचे बाप काही कमी नाहीत.

तेव्हापासून आम्ही बाटली वाचायला लागलो. आमच्याकडे वाचण्याचे काम पुतणीचे, ती पॉलिटेक्निकला आहे. तिने दुकानात उभे राहून एकेक बाटली उलटी करून वाचली. दुकानदाराला ते फारसे आवडले नाही. तिच्याकडून आम्ही जे शिकलो ते असे. या पॉलिशांत चमक आणणारा पदार्थ बहुतेक वेळा सिलिकॉनचे तेल असतो. ते तेल कशात मिसळले आहे, हे पाहायचे. पाण्यात मिसळले असेल तर द्रव साधारणपणे दुधासारखा पांढरा दिसतो आणि बाटलीवर 'वॉटर बेस्ड' असे लिहिलेले असते. रॉकेल-पेट्रोलच्या जातीच्या द्रावकात मिसळले असेल तर द्रव बहुधा पारदर्शक आणि चिकट असतो, उग्र वास येतो आणि ज्वलनशील असल्याची खूण छापलेली असते. पहिला प्रकार आत वापरावा. दुसरा निदान बंद गाडीत तरी वापरू नये. सिलिकॉनने प्लास्टिक सडते असे काही जण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. सिलिकॉन स्वतः तसे निरुपद्रवी असते. प्लास्टिकला आणि माणसाच्या छातीला त्रास होतो तो उग्र द्रावकाचा. मात्र गाडीला रंगकाम करायचे असेल तेव्हा सिलिकॉनपासून दूर राहावे. पत्र्यावर त्याचा अंश राहिला तर नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, हे कोणताही पेंटर सांगेल.

दुसरा शब्द पाहायचा तो 'मॅट', 'नॅचरल फिनिश' किंवा 'लो ग्लॉस'. 'हाय ग्लॉस', 'वेट लुक', 'डायमंड शाइन' हे शब्द दिसले की बाटली परत फळीवर ठेवावी. टायरला लावायची तर गोष्ट वेगळी. अतिनील किरणांपासून संरक्षणाचा दावा जवळजवळ प्रत्येक बाटलीवर असतो, पण ते किती आणि किती दिवस, हे बहुधा लिहिलेले नसते. थर पातळ असतो. हात, कपडा आणि धूळ तो काही आठवड्यांत घालवतात. शिवाय समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, ती अतिनील किरण बरेचसे स्वतःच अडवते. बाजूच्या काचा सहसा तशा नसतात. त्यामुळे पॉलिशमधल्या या गुणाचा उपयोग असेल तर तो दाराच्या वरच्या पट्टीला आणि खिडकीकडच्या सीटला जास्त. डॅशबोर्डला मुख्य भीती उष्णतेची आहे आणि उष्णता बाटली अडवत नाही. काचांवर काळी फिल्म लावणे हा पूर्वी एक उपाय असे; २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मनाई केली.

वाचून झाले तरी करून पाहिल्याशिवाय आम्ही मानत नाही. गेल्या उन्हाळ्यात डॅशबोर्डचे कागदी चिकटपट्टीने तीन भाग केले. सर्वांत डावीकडच्या भागाला चमकदार स्प्रे, मधल्या भागाला पाण्याचे मॅट पॉलिश, आणि उजवा भाग नुसता ओल्या कपड्याने पुसलेला. चमक ड्रायव्हरच्या समोर नको म्हणून हा क्रम. पंधरा दिवस तसेच चालवले. प्रवासी विचारायचे, हे काय? चौथ्याच दिवशी चमकदार भागावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसली, आणि ती झटकून जाईना, पिठासारखी चिकटून बसली. मधल्या भागावर धूळ बसायची पण कोरड्या कपड्याच्या एका हाताने जायची. उजव्या भागावरही बसायची, तिथे दोनदा पुसावे लागे. मॅट पॉलिश आणि नुसते पुसणे यांत फरक एवढाच! पंधराव्या दिवशी वडिलांनी चष्मा लावून तिन्ही भाग पाहिले आणि म्हणाले, "चमकून राह्यलं म्हणजे टिकून राह्यलं, असं नसते बाबू."

वडील सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. पंचवीस वर्षे अॅम्बेसिडर चालवली. २०१४ साली ती गाडी कारखान्यातून निघायची बंद झाली, तोवर ते निवृत्त होऊन बसले होते. त्यांच्या काळी साहेबांच्या सीटवर पांढरा टॉवेल असे. आम्हाला लहानपणी तो साहेबी थाट वाटायचा. वडील म्हणतात, थाट होताच, पण त्या टॉवेलाखालचे रेक्झिन शेवटपर्यंत नवे राहिले. घाम टॉवेलाने पिला, ऊन टॉवेलाने खाल्ले. दर सोमवारी टॉवेल धुवायचा कोणी, हे त्यांनी सांगितले नाही. आईने सांगितले असते.

घरगुती उपायांचे सांगायचे तर स्टँडवर तऱ्हेतऱ्हेचे सल्ले मिळतात. खोबरेल तेल लावा, हा सर्वांचा आवडता. तेलाने दोन दिवस छान दिसते, मग धूळ धरते आणि उन्हाने खवट वास मारते. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवणारेही आहेत. त्याने मळ निघतो, पण वास बंद गाडीत राहतो आणि मीटरवरच्या पारदर्शक झाकणाला बारीक तडे जाऊ शकतात. काचा पुसायचा अमोनियाचा निळा स्प्रे त्या झाकणावर आणि टचस्क्रीनवर मारू नये, त्याचेही कारण तेच. भांडी घासायची पावडर तर नकोच, चरे पडतात. एक उपाय मात्र आम्हाला पटला. बादलीभर पाण्यात शाम्पूची एक पुडी. कपडा त्यात भिजवून घट्ट पिळायचा, पुसायचे, मग साध्या ओल्या कपड्याने पुन्हा पुसायचे. पॉलिश लावण्याआधी हे केलेच पाहिजे. मळावर पॉलिश लावणे म्हणजे अंघोळ न करता पावडर फासणे.

पॉलिश थेट डॅशबोर्डवर फवारू नये. कपड्यावर घ्यावे, नाहीतर थेंब बटणांत आणि एसीच्या जाळीत जातात. रुपयाएवढा ओला डाग अर्ध्या डॅशबोर्डला पुरतो. पाच मिनिटांनी कोरड्या कपड्याने उरलेले पुसून काढावे; या दुसऱ्या पुसण्यानेच निम्मी चमक जाते. नवी बाटली आणली तर प्रथम खाली, पायाजवळच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून एक दिवस थांबावे आणि मग पांढरा रुमाल दाबून पाहावा. रुमालाला तेल लागले तर ते प्रवाशाच्या कपड्यालाही लागणार.

स्टिअरिंग, गिअरची मूठ, हँडब्रेक आणि पायातली तिन्ही पॅडल यांना पॉलिशचा थेंबही लागू देऊ नये. पायाखालची रबरी मॅटसुद्धा नुसती धुवावी. एअरबॅगच्या झाकणाला फक्त ओला कपडा. सीटबेल्ट सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवावा. ब्लीचने पट्ट्याचा धागा कमजोर होतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

आमचा एक आतेभाऊ मुंबईत एका कुटुंबाची गाडी चालवतो. त्याची अडचण आमच्या उलट, तिथे ऊन कमी आणि दमट हवा फार. पावसाळ्यात चार दिवस गाडी बंद राहिली की सीटवर पांढरी बुरशी. तिथे आधी वाळवणे महत्त्वाचे. ओल्या सीटवर कसलेही पॉलिश लावले तर ओल आतच राहते. त्याच्या मालकांच्या गाडीत खरे चामडे आहे, त्याला निराळे क्रीम लागते. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाडीत 'लेदर सीट' म्हणून विकलेले कव्हर रेक्झिनचेच असते. काठाची उलटी बाजू पाहावी, विणलेले कापड दिसले तर रेक्झिन. त्यावर चामड्याचे महागडे क्रीम वाया घालवू नये.

आणखी एक. स्प्रेचा डबा गाडीत ठेवू नये. पुतणीने वाचून दाखवले तेव्हा आम्हीही चमकलो. ५० अंशांहून जास्त उष्णतेत ठेवू नये, असे त्या डब्यावर स्पष्ट छापलेले असते. डॅशबोर्ड ६९ अंशांवर जातो हे वर सांगितलेच आहे. आमच्या स्टँडवर आजही निम्म्या गाड्यांत हा डबा समोरच काचेपाशी ठेवलेला असतो. आमची बाटली घरी कपाटात असते, महिन्यातून एकदा निघते, आणि मागच्या दिवाळीपासून अजून संपलेली नाही.

बाकीचे दिवस आमच्या गाडीचे रक्षण करते ती एक गोधडी. थोरल्या वहिनींनी जुन्या पांढऱ्या चादरीला बाहेरून चंदेरी शीट लावून समोरच्या काचेच्या मापाचा पडदा शिवला. गाडी उभी केली की तो आतून काचेला लावायचा आणि वायझर खाली करून अडकवायचा. पहिल्या दिवशी स्टँडवरची मंडळी हसली. मग एकाने हात आत घालून आमच्या स्टिअरिंगला लावून पाहिला आणि शेजारच्या गाडीच्या स्टिअरिंगला लावून पाहिला. आतापर्यंत वहिनींनी असे अकरा पडदे शिवून दिले आहेत. शिलाई घेतात, कापड ज्याचे त्याने आणायचे. सध्या एका नव्या मॉडेलची काच फार तिरकी असल्याने तिचे माप वर्तमानपत्राच्या कागदावर काढणे चालू आहे, आणि तो कागद दोनदा फाटला आहे.